साथीत वस्तीचा धोका पालिका मोजते तरी कसा?

घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं आहे: ‘जून २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांत ठाणे आधी दुसऱ्या स्तरात होतं. तीन आठवड्यांत तिसऱ्या स्तरात गेलं, मॉल पुन्हा बंद, दुकानं चारला बंद. त्या सगळ्या दिवसांत आमच्या सहाशे माणसांच्या सोसायटीत एकही रुग्ण नव्हता. मग हा धोका मोजतं कोण आणि कशावर? की वरून आलेला कागद तुम्ही लोक नुसता खाली ढकलता?’

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेत अठ्ठावीस वर्षं वैद्यकीय अधिकारी होते, शेवटची काही वर्षं साथरोगाच्या टेबलावर. महापालिकेचं नाव घेत नाही, कारण पुढे आमच्या चुकाही सांगायच्या आहेत. तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं की आम्ही दोन्ही करतो. मोजतोही आणि ढकलतोही. ढकलण्याची गोष्ट छोटी आहे, ती आधी सांगते.

७ जून २०२१ पासून राज्याने निर्बंधांचे पाच स्तर लावले, पहिला सगळ्यात सैल, पाचवा सगळ्यात कडक. त्यासाठी आकडे दोनच होते. आठवडाभरात झालेल्या तपासण्यांत शेकडा किती पॉझिटिव्ह आले, आणि ऑक्सिजनच्या खाटांपैकी शेकडा किती भरल्या. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर. पॉझिटिव्हिटी तीच, पण खाटा २५ ते ४० टक्के भरल्या असतील तर दुसरा. पॉझिटिव्हिटी ५ ते १० किंवा खाटा ४० च्या वर म्हणजे तिसरा, १० ते २० किंवा खाटा ६० च्या वर म्हणजे चौथा, आणि २० च्या पुढे किंवा खाटा ७५ च्या वर म्हणजे पाचवा. दहा लाखांहून जास्त वस्तीच्या महापालिकांचा हिशोब जिल्ह्यापासून वेगळा धरला, त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबई स्वतंत्र गणल्या गेल्या आणि दुसऱ्या स्तरात आल्या. मग २५ जूनचा आदेश आला. विषाणूच्या डेल्टा प्लस या नव्या प्रकाराची भीती होती, म्हणून आकडे काहीही असोत, तिसऱ्याच्या खाली कोणालाच ठेवायचं नाही असं ठरलं. म्हणजे तुमचा तिसरा स्तर ठाण्याच्या आकड्यांनी आणलेला नव्हता. तुमचा संशय तेवढ्यापुरता खरा आहे.

त्याच आदेशात एक ओळ मात्र अशी होती की ती वाचून मी खुर्चीत सरळ बसले. यापुढे पॉझिटिव्हिटी काढताना फक्त आरटी-पीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतली तपासणी धरायची, जागच्या जागी होणारी झटपट अँटिजेन नाही. वर्षभर आम्ही खालून जे ओरडत होतो ते अखेर कागदावर आलं.

आमचं सगळं गणित शाळेतल्या अपूर्णांकांचं. वर अंश, खाली छेद. आज किती सापडले हा अंश, आणि बातमी त्याचीच होते. माझी निम्मी नोकरी मात्र छेदाशी भांडण्यात गेली. किती जणांत सापडले? कोणत्या किती जणांत?

पॉझिटिव्हिटीचंच बघा. समजा एका प्रभागात आठवड्याला ४०० आरटी-पीसीआर झाल्या आणि ६० पॉझिटिव्ह आले. १५ टक्के, चौथा स्तर. पुढच्या आठवड्यात तेच ४००, तेच ६०. पण स्टेशनबाहेर टेबल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या ८०० जणांची अँटिजेन केली आणि त्यात १२ सापडले. आता १,२०० मध्ये ७२. सहा टक्के! प्रभाग तिसऱ्या स्तरात आला. रुग्ण तर बारा वाढले, आजार कुठेच गेला नाही, बदलला तो छेद. शिवाय अँटिजेनचं पहिलं किट जून २०२० मध्ये मान्य करताना आयसीएमआरनेच, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेच, लिहिलं होतं की खऱ्या बाधितांपैकी ते ५०.६ ते ८४ टक्के पकडतं. म्हणून नियम असा होता की लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करायची. स्टेशनवरच्या टेबलाशी घाईत असलेल्या माणसाला दुसऱ्यांदा नाकात काडी घालू द्यायला तयार करून बघा, मग कळेल तो नियम किती पाळला गेला.

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या लाटेत आमच्याकडे अँटिजेनची किटं मुबलक आली, शिबिरं सुरू झाली आणि एका आठवड्यात टक्केवारी जवळजवळ निम्म्यावर आली. मी टिपणीत ‘लक्षणीय घट’ लिहिलं. आयुक्तांनी तेच बैठकीत वाचून दाखवलं. दोन आठवड्यांनी खाटांसाठीचे फोन दुप्पट झाले, तेव्हा मी जुनी लाइन लिस्ट काढून दोन तपासण्या वेगळ्या करून बसले. आरटी-पीसीआरची टक्केवारी घटली नव्हतीच, उलट थोडी चढली होती. त्यानंतर माझ्या तक्त्यात दोन रकाने झाले आणि ते एकत्र करायला मी कुणाला दिले नाहीत. माझ्या ऑपरेटरने त्या फाइलला ‘मॅडमचे दोन रकाने’ असंच नाव देऊन ठेवलं होतं.

लाइन लिस्ट म्हणजे रुग्णांची रोजची यादी. नाव, वय, फोन, पत्ता, नमुना कधी घेतला, अहवाल कधी आला. सकाळी आठला ती उघडायची आणि पहिला तास नुसता निवडण-टिपण. तांदूळ निवडतात तसं. एकच माणूस तीनदा, कारण कामावर परत जायला त्याला निगेटिव्ह अहवाल हवा म्हणून तो पुन्हापुन्हा तपासून घेतोय. पत्ता ‘गणपती मंदिराजवळ’. नवी मुंबईतल्या माझ्या मैत्रिणीची डोकेदुखी वेगळी होती. पत्ता म्हणून नुसतं ‘सेक्टर १०’. आता सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळला आहे, कोपरखैरण्यात आहे, ऐरोलीतही आहे. आणि ठाण्यातल्या दिवा भागात चाळीत राहणारा माणूस मुंबईतल्या प्रयोगशाळेत नमुना देताना आधार कार्ड दाखवतो. त्यावर गावचा पत्ता, मग तो रुग्ण रत्नागिरीच्या खात्यात. तिथले लोक शोधत बसतात, इथे त्याच्या घरातले सहाजण लोकलने फिरत असतात.

लोकसंख्येचा छेद तर त्याहून वाईट. ‘लाखामागे रुग्ण’ काढायचे तर लाख कुठले? शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा ठाणे महापालिका साडेअठरा लाखांच्या आत होती, नवी मुंबई सव्वाअकरा लाखांच्या आत. त्यानंतर तुमच्या घोडबंदरला किती टॉवर झाले ते तुम्हीच मोजा, आणि दिव्यात किती चाळी उठल्या ते कुणीच मोजलेलं नाही. जुना आकडा खाली ठेवला की दिवा आहे त्यापेक्षा भयंकर दिसतो आणि वस्ती वाढली नाही असा नौपाड्यासारखा जुना भाग आहे तसाच. यावर आमचा देशी उपाय होता पल्स पोलिओचं सूक्ष्म नियोजन. पोलिओच्या रविवारनंतर आमच्या बाया घरोघर जातात, दारावर खडूने खूण करतात, घरं आणि पाच वर्षांखालची मुलं मोजतात. त्या वह्यांमधली घरांची संख्या जनगणनेपेक्षा खूप ताजी असते. घरामागे माणसं गुणली की कामचलाऊ लोकसंख्या मिळते. मालमत्ता कराच्या नोंदींशी ताडून बघायची. ही पद्धत कुठल्या मार्गदर्शक सूचनेत सापडणार नाही.

एक विषयांतर करते. डेंग्यूचा धोका आम्ही रुग्ण सापडायच्या आधी मोजू शकतो. शंभर घरं तपासायची, किती घरांत अळ्या सापडल्या ते बघायचं, आणि शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती ते काढायचं. पिंप, फ्रिजमागचा ट्रे, गॅलरीतल्या कुंड्यांच्या ताटल्या. माणूस आजारी पडायच्या आधी भांडं बोलतं. कोरोनात असं भांडंच नव्हतं. जे काही मोजायचं ते माणूस बाधित झाल्यावरच. म्हणून आमचे सगळे आकडे शिळे असतात, प्रश्न फक्त किती दिवसांचे शिळे एवढाच.

हा शिळेपणा लोकांच्या लक्षात येत नाही. लागण झाल्यावर लक्षणं यायला साधारण पाच दिवस. माणूस दोन-तीन दिवस काढा पिऊन काढतो, मग तपासणी, मग अहवाल. ज्यांचं बिघडतं ते लक्षणांनंतर आठवड्याभराने दाखल होतात. मृत्यू त्याच्याही पुढे एक-दोन आठवडे. म्हणजे आजचा रुग्णांचा आकडा गेल्या आठवड्यातली गर्दी सांगतो, आणि आजचा मृत्यूचा आकडा महिन्यापूर्वीचं लग्न. त्यात कागदाचा उशीर वेगळा. १६ जून २०२० ला राज्याने आधी नोंदायचे राहिलेले १,३२८ मृत्यू एकाच दिवशी यादीत घातले. त्या रात्री आलेख भिंतीसारखा उभा राहिला. त्या दिवशी तेवढे लोक गेले नव्हते, पण वाहिन्या बघणाऱ्याला ते कोण समजावणार? मी मृत्यूसाठी स्मशानभूमी आणि कब्रस्तानची वही मागवत असे. कारणाचा रकाना मी बघतच नसे, तिथे काहीही लिहिलेलं असतं. नुसती एकूण संख्या आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याची संख्या शेजारी ठेवायची. ती वही खोटं बोलत नाही, कारण लाकडं मोजून द्यावी लागतात.

रोजच्या चढउताराकडे मी बघत नसे. रविवारी नमुने कमी, सोमवारी अहवाल कमी, लगेच ‘दिलासादायक’ अशी बातमी. सात दिवसांची सरासरी घ्यायची आणि तिचा वेग बघायचा. आठवड्याला १०० रुग्णांचे १५० झाले तर ऐकायला काही वाटत नाही, पण त्या वेगाने साधारण बारा दिवसांत दुप्पट होतात. महिन्याभरात पाचपट. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडून वाढीच्या बातम्या आल्या तेव्हा आपल्याकडे आकडे इतके लहान होते की कोविड केंद्रं गुंडाळायची भाषा चालली होती. आकडा लहान आणि वेग मोठा ही सगळ्यात फसवी वेळ. एप्रिलमध्ये काय झालं ते सांगायला नको. ‘आर’ नावाचा जो आकडा वर्तमानपत्रांत यायचा, एकापासून किती जणांना, तो प्रभागाच्या पातळीवर निरुपयोगी. इतक्या थोड्या रुग्णांत तो नुसता हेलकावे खातो.

आता खाटांबद्दल, कारण तुमच्या स्तराचा निम्मा भाग खाटांवर होता. भरलेल्या खाटांची टक्केवारी म्हणजे शहरात आजार किती, असं लोक समजतात. तसं ते नाही. आणखी किती जणांना आपण सांभाळू शकतो हे ती सांगते. वाशी-नेरूळच्या रुग्णालयांत पनवेल-उरणचे लोक येतात, ठाण्याला शहापूर-मुरबाड-भिवंडीचे. ते लोक अंशात आले, पण त्यांच्या गावच्या पॉझिटिव्हिटीचा आपल्या छेदाशी संबंध नाही. आणि खाटा वाढवल्या की धोका कागदावर घटतो. हजार खाटांत ४५० रुग्ण म्हणजे ४५ टक्के, तिसरा स्तर. आणखी २०० खाटा मांडल्या की तेच ४५० रुग्ण साडेसदतीस टक्के, आणि पॉझिटिव्हिटी ५ च्या आत असेल तर दुसरा. एका अर्थी ते बरोबरही आहे, सोय वाढली म्हणजे धोका घटलाच. बाळकुमला किंवा वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात हजार-हजार खाटांची सोय उभी राहिली ती पाहून मलाही हायसं वाटलं होतं. पण खाट म्हणजे पलंग नव्हे. एका रात्री आमच्या वॉर रूमच्या पडद्यावर एका रुग्णालयात नऊ ऑक्सिजन खाटा रिकाम्या दिसत होत्या आणि तिथला डॉक्टर रुग्ण घेईना. मी फोनवर तापले. तो म्हणाला, ‘मॅडम, खाटा आहेत, सिस्टर दोन आहेत. त्यातली एकटीच बत्तीस जणांना बघतेय. पाठवा, पण मग जबाबदारी तुमची.’ दुसऱ्या दिवसापासून मी रिकाम्या खाटांबरोबर रात्रपाळीच्या परिचारिका किती ते विचारू लागले. तो रकाना पोर्टलवर नव्हता, मी वहीत ठेवायची.

ऑक्सिजनचा खप हा माझ्या मते दुसऱ्या लाटेतला सगळ्यात खरा आकडा होता. तपासणी टाळता येते, पत्ता चुकवता येतो, श्वास टाळता येत नाही. टाकीचा काटा कोणाच्या दबावाखाली हलत नाही. केंद्राच्या तज्ज्ञगटाने हिशोबासाठी धरलं होतं की अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला मिनिटाला २४ लिटर आणि साध्या ऑक्सिजन खाटेवरच्याला १०. त्यावरून रुग्णालयाचा रोजचा खप आणि त्यांनी कळवलेले रुग्ण ताडता येतात. खप जास्त आणि रुग्ण कमी दाखवले असतील तर एकतर गळती आहे किंवा लपवाछपवी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यानेही हेच माप धरलं. रोजची गरज ७०० मेट्रिक टनांवर गेली की पुन्हा कडक टाळेबंदी. स्तरांच्या कोष्टकापेक्षा मला ते एका ओळीचं माप जास्त आवडलं. खोट एवढीच की टाकीचा काटा हलेपर्यंत दोन आठवडे हातचे गेलेले असतात.

ते दोन आठवडे मिळवायचे तर पायपीट करावी लागते. इथे आशाताई आणि एएनएम, म्हणजे आरोग्य केंद्राच्या परिचारिका, यांच्याशिवाय कोणाचं काही चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत राज्यभर घरोघर ताप आणि ऑक्सिजनची पातळी मोजली गेली. पण त्याच्या आधीपासून आमच्या ताया दारं वाजवत होत्या आणि दारातून एकच उत्तर येत होतं, ‘ताप नाही, कुणाला काही नाही.’ कसं सांगतील? हो म्हटलं की रुग्णवाहिका, विलगीकरण केंद्र, दाराला पट्टी, गल्लीत बोभाटा आणि महिन्याची मजुरी गेली. त्यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

आमच्या हद्दीतल्या एका कोळीवाड्यात मी एका ताईबरोबर गेले होते, जून संपत आला होता. वास आणि चव जाणं केंद्राच्या लक्षणांच्या यादीत नुकतंच आलं होतं. ताईने फॉर्म पिशवीतच ठेवला. दारात बसलेल्या बाईला म्हणाली, ‘काय गं, आज सुकट भाजली वाटतं? रस्त्यापर्यंत घमघमाट.’ बाई म्हणाली, ‘कसला घमघमाट? मला तर परवापासून कशालाच वास नाही.’ ताईने ‘असं होय’ म्हणून पुढच्या दाराकडे चालायला सुरुवात केली आणि गल्लीच्या टोकाला आल्यावर डायरीत घराचा नंबर लिहिला. त्या गल्लीत तिने अशी सात घरं लिहिली. लाइन लिस्टमध्ये त्या दिवशी त्या कोळीवाड्याचा एकही रुग्ण नव्हता. संध्याकाळी तपासणीची गाडी गल्लीत न नेता समाजमंदिरापाशी उभी केली, पाच घरं स्वतःहून आली. पुढे काय निघालं ते तुम्ही ओळखलं असेलच.

औषधांच्या दुकानातही असंच. मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार ठरावीक केमिस्टांना फोन करायची. पॅरासिटामॉल, खोकल्याचं औषध, ताप मोजायची काचेची नळी. ‘मॅडम, उचल वाढलीय’ एवढं त्याने म्हटलं की मी त्या भागाच्या आरोग्य केंद्राला ताप-सर्दीचे बाह्यरुग्ण मोजायला सांगत असे. पी फॉर्म (डॉक्टरांनी पाहिलेले संशयित रुग्ण), एल फॉर्म (प्रयोगशाळेत नक्की झालेले) असे आमचे नेहमीचे साप्ताहिक अहवाल असत, कोरोनाच्या कितीतरी आधीपासूनचे, आणि ते नियमाने भरणारं केंद्र असेल तर त्यात वाढ दिसे. नियमाने भरणारं केंद्र कुठलं हे अर्थात तुम्हाला माहीत असावं लागतं.

पत्त्यावर विसंबून धोक्याचा नकाशा रंगवला की दुसरी एक फसगत होते. नवी मुंबईत मे २०२० मध्ये कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे असे भाग लाल होत गेले. घरांचे पत्ते तिथले होते. पण गाठ बाजारात होती. एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात, पहाटे गाड्या लागतात, माथाडी कामगार खांद्याला खांदा लावून गोणी उतरवतात आणि दुपारी आपापल्या वसाहतीत जातात. कोपरखैरण्यातल्या माथाडी चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत माणूस झोपतो, म्हणून लागण घरात पसरते. पण सुरुवात बाजाराच्या गाळ्याशी. महिन्याच्या मध्यावर आठवडाभर सगळा बाजार बंद ठेवावा लागला तो याच कारणाने. घराच्या पत्त्याबरोबर कामाचा पत्ता विचारायचा, हे त्या प्रकरणानंतर ठाणे-पट्ट्यातले सगळे शिकले. तुमच्या सोसायटीला हे लागू आहे. तुमच्याकडे रुग्ण नव्हता म्हणता, तेव्हा सुरक्षारक्षक, घरकामाच्या मावश्या, गाड्या धुणारी मुलं मोजली होती का? त्यांचा पत्ता तुमचा नाही, पण दिवसातले आठ तास ते तुमच्याच लिफ्टमध्ये असतात.

आणि कोण तपासून घेतो यावरही नकाशा रंगतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्तातली प्रतिपिंडं तपासली, तर झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इमारतींत १६ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली. रुग्णांच्या यादीत हा फरक एवढा कुठेच दिसला नव्हता. सार्वजनिक संडासाच्या रांगेत पहाटे पाचला उभा राहणारा माणूस खोकला आला म्हणून खासगी प्रयोगशाळेत पैसे भरत नाही. तेव्हापासून मी प्रभागाचा धोका ठरवताना आकड्यांच्या तक्त्याला एक वेगळं पान जोडत असे. एका संडासाच्या सीटमागे माणसं किती, साठीच्या वरचे किती, मधुमेहाच्या गोळ्या आमच्या केंद्रातून नेणारे किती. आजार आला तर तिथे काय करील हे त्या पानावरून कळतं. टिपणीला जोडलेलं ते पान बैठकीत कोणी उलटत नसे, तरी मी जोडत राहिले.

दबावाचं एका परिच्छेदात उरकते. फोन येतात. कुणाला आपला भाग लाल नको असतो, कुणाला शेजारचा लाल हवा असतो. साथरोगांचा कायदा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा, आणि साथ कशाला म्हणायचं, धोका कसा मोजायचा याबद्दल त्यात अवाक्षर नाही. निर्णय आयुक्तांचा. जून २०२१ मध्येच मुंबईचे आकडे दुसऱ्या स्तराचे असताना तिथल्या पालिकेने लोकलची गर्दी बघून तिसराच ठेवला, तो अधिकार त्यांना होता. मी इतकंच शिकले की अंदाज तोंडी सांगायचा नाही. अंश, छेद आणि तारीख लिहून सही करायची.

जानेवारी २०२२ च्या ओमायक्रॉनने तर आमचे सगळे छेद निकालात काढले. लोक घरीच किट आणून तपासू लागले, ते कुठेच नोंदवत नव्हते. १० जानेवारीला आयसीएमआरने सांगितलं की लक्षणं नसलेल्या, आणि वयाने किंवा जुन्या आजाराने जोखमीत नसलेल्या संपर्कातल्यांची तपासणी नको. बरोबरच होतं, पण मग पॉझिटिव्हिटी चढली ती कशाने, आजाराने की नियमाने? रुग्ण डोंगराएवढे आणि वॉर्ड अर्धे रिकामे. त्या महिन्यात मी रोज फक्त नवे दाखल किती आणि त्यातले ऑक्सिजनवर किती एवढंच बघत होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीनेही फेब्रुवारीअखेर माप बदललं. आठवड्याला लाखामागे २०० रुग्ण ही एक रेघ ठेवली, पण पातळी ठरवायला लाखामागे दहा नवे दाखल किंवा भरलेल्या खाटांत दहा टक्के कोविडचे, यांना वजन दिलं.

ती २०० ची रेघ घेऊन तुमच्या सोसायटीचं शून्य बघू. शहरात सगळीकडे सारखाच, आठवड्याला लाखामागे २०० असा धोका आहे असं धरा. सहाशे माणसांत साधारण सव्वा रुग्ण अपेक्षित. तरीही निव्वळ योगायोगाने अशा दहा सोसायट्यांपैकी तीनेक सोसायट्यांत त्या आठवड्यात एकही रुग्ण सापडणार नाही. धोका लाखामागे ५०० असला तरी विसात एका सोसायटीत शून्य दिसेल, आणि तिचे सेक्रेटरी म्हणतील आमच्याकडे काही नाही. ते खोटं बोलत नसतील. सहाशे हा छेदच इतका लहान आहे की त्यावर शून्य लिहिलं तरी फारसं काही कळत नाही. म्हणून निर्णय सोसायटीवर होत नाही, प्रभागावरही क्वचित होतो. माणसं प्रभागाच्या रेघा ओलांडून कामाला जातात.

पुढच्या वेळेसाठी तुम्हाला काही करायचंच असेल तर एक काम आजही करता येईल. तुमच्या भागातल्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात जा आणि पोलिओच्या सूक्ष्म नियोजनाची वही बघायला मागा. तुमच्या टॉवरचं नाव त्यात आहे का, आणि असेल तर फ्लॅट किती लिहिलेत ते वाचा. घोडबंदरच्या एका संकुलाची अशी नोंद मी सेवेत नसताना, नातवाला डोस द्यायला गेले तेव्हा सहज चाळली होती. इमारती सहा होत्या, वहीत दोन. मी सिस्टरला म्हटलं, बाकीच्या चार? ती म्हणाली, ‘मॅडम, गेटवर आत सोडत नाहीत.’